खळं

"ओडदु होद म्याल अळती हेंग माडोदरी, मॅडम?"

गुरुवारचा शेवटचा तास, सेकंड पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, आणि मागून दुसऱ्या बाकावरच्या एका पोरानं हे विचारलं. फुटून गेल्यावर माप कसं घ्यायचं. पोरगा शांत आहे, दहावीपर्यंत कन्नड मीडियम. माझ्या वर्गात मराठी पोरं मराठीत विचारतात, कन्नड पोरं कन्नडमधे, उर्दू शाळेतून आलेली हिंदीत, मी फळ्यावर इंग्लिश लिहिते आणि उत्तर ज्याला त्याला त्याच्या भाषेत देते, बेळगावात शिकवायचं म्हणजे हे आलंच. त्या दिवशी न्यूक्लियसचा धडा चालला होता. अणूच्या केंद्रकात प्रोटॉन, न्यूट्रॉन हे कण वाढले की त्याची त्रिज्या कणांच्या संख्येच्या घनमुळाच्या हिशोबात वाढते, परीक्षेला हमखास येतं, पोरं पाठ करतात. मला तेवढ्यावर थांबवत नाही. मी सांगितलं की या नियमाला न जुमानणारी काही केंद्रकं आहेत, त्यातलं सगळ्यात नावाजलेलं लिथियम-११, त्याचे दोन न्यूट्रॉन इतके सैल धरलेत की ते बाकीच्यांपासून लांब लांब फिरत असतात, आणि हे कळलं कसं, तर त्याला दुसऱ्या केंद्रकांवर आपटून, फोडून. तेव्हा त्यानं हात वर केला. मी काहीतरी क्रॉस सेक्शन, लाखो टकरा, सरासरी असं पटापट बोलले आणि तेवढ्यात बेल झाली. पोरगा "हां मॅडम" म्हणाला आणि वही मिटली.

ते "हां" माझ्या डोक्यातून जाईना. मोठ्या माणसाला पुढं बोलू द्यायचं नसतं तेव्हा आपण म्हणतो तसलं हां होतं ते.

शुक्रवारी संध्याकाळी गावाकडं निघाले, जांबोटी रस्त्याला आमचं गाव, शनिवारी कोजागिरी होती. बसमधे खिडकीजवळ जागा मिळाली. पिरनवाडी मागं पडली की वास बदलतो, गाड्यांचा धूर जाऊन ओल्या मातीचा आणि पिकत आलेल्या भाताचा वास येतो, दुधाळ, जरा आंबूस, ज्याचं बालपण खानापूर तालुक्यात गेलंय त्याला डोळे मिटून कळतं कुठला महिना आहे ते. कुसमळीच्या पुलावर मलप्रभा अजून गढूळच होती. सगळा रस्ताभर मी त्या पोराचा प्रश्न घोळवत बसले. त्याचं म्हणणं बरोबरच होतं ना. मडकं फुटल्यावर खापरं बघून ते केवढं होतं हे एकवेळ सांगता येईल, खरं ते किती जोरानं धरलेलं होतं, आतली माती कुठं पातळ होती, हे खापरांना कसं विचारणार. आणि इथं तर मडकंसुद्धा असं की कुणी डोळ्यानं बघितलेलं नाही आणि बघायच्या आत संपतंय.

लिथियम-११ म्हणजे ३ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन. आपल्या मोबाईलच्या बॅटरीत असतं ते लिथियम ६ नाहीतर ७ कणांचं असतं, तिथं चार पाच कण जादाचे कोंबलेत. निसर्गात कुठं पडलेलं मिळत नाही, मशीनमधे बनवावं लागतं आणि बनवलेल्यातलं अर्धं ८.७ मिलिसेकंदांच्या आसपास संपून जातं. ऐकायला हे काहीच नाही वाटतं. खरं ज्या प्रयोगात त्याचं माप घेतलं त्यात ते प्रकाशाच्या सुमारे ८४ टक्के वेगानं पळत होतं, त्या वेगानं तेवढ्या वेळात बेळगावहून सरळ उत्तरेला सुटलं तर श्रीनगर ओलांडून पुढं जाईल. लॅबमधले काही मीटर म्हणजे त्याच्या हिशोबानं घरातून ओट्यावर येणं. आयुष्य लहान आहे असं आपण म्हणतो ते आपल्या चालीनं मोजून.

१९८५ साली इसाओ तानिहाता आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकेत बर्कलेच्या बेव्हालॅकवर, म्हणजे केंद्रकं वेगानं पळवणाऱ्या मोठ्या मशीनवर, हे केलं. कल्पना इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं माझं काहीतरी वाचायचं राहिलंय. लिथियमची वेगवेगळी केंद्रकं, ६, ७, ८, ९ आणि ११ वाली, बेरिलियम, कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या टार्गेटमधून पाठवायची. गेली किती ते मोजायचं, तशीच्या तशी बाहेर आली किती ते मोजायचं. जी आली नाहीत ती वाटेत कुणाला तरी धडकली. ज्याचा पसारा मोठा तो जास्त धडकणार. एवढंच. धडकण्याचा हा पसारा मिलिबार्न या क्षेत्रफळाच्या मापात मोजतात. कार्बनवर लिथियम-९ चा आकडा आला ८०० मिलिबार्नच्या जवळ, तो अपेक्षेप्रमाणं होता. लिथियम-११ चा आला १०४० च्या आसपास. दोन न्यूट्रॉन वाढले तर त्रिज्या २.३ फेमटोमीटरवरून (मीटरच्या लाखाव्या भागाचा दहा अब्जावा भाग म्हणजे एक फेमटोमीटर) फार तर अडीचपर्यंत जायला पाहिजे होती, ती निघाली सव्वातीनच्या घरात. दोन पाहुणे आले आणि घराचं अंगण दुप्पट झालं, असं काहीतरी. दोन वर्षांनी, १९८७ ला, हॅन्सन आणि जॉन्सन या दोघांनी याचं कारण मांडलं, की आत लिथियम-९ चा गाभा नेहमीसारखा घट्ट आहे आणि जादाचे दोन न्यूट्रॉन इतके सैल बांधलेत की ते गाभ्याभोवती लांबवर विरळ पसरलेत. त्याला त्यांनी नाव दिलं हॅलो.

हॅलो म्हणजे खळं.

हा शब्द मला कुठल्या पुस्तकातनं मिळाला नाही, आज्जीकडनं मिळालाय. चंद्राभोवती मोठं फिकट कडं दिसलं की ती अंगणातनं हाक मारायची, बाहेर या गं, चांदाला खळं पडलंय. आणि लगेच पुढचं, लांबचं खळं जवळचा पाऊस. उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फाच्या कणांतून उजेड वाकतो आणि चंद्रापासून २२ अंशांवर ते कडं दिसतं, हे मी खूप नंतर शिकले. तिला फक्त एवढं ठाऊक की आता भारे झाकायला पाहिजेत. आणि भारे कुठं, तर खळ्यावर. भात मळायची जागा तेही खळंच. मला लहानपणी वाटायचं की वर आकाशातही कुणीतरी मळणी घातलीय, मधे चंद्राची मेढ आणि भोवतीनं न दिसणारे बैल.

आमचं खळं घराच्या मागं, फणसाच्या अलीकडं. दिवाळीच्या आधी आई आणि आज्जी ते खरवडून, पाणी मारून, चोपून, शेणानं सारवायच्या, दोन दिवस त्याच्यावर पाय ठेवायचा नाही. मधोमध मेढ पुरलेली. मेढीला पहिला बैल, त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशी पात धरायची आणि पिंजरावरनं गोल गोल फिरवायची, तोंडाला मुसकी बांधून, नाहीतर भातच खातील. मेढीजवळचा बैल जुना, शहाणा, तो जागच्या जागी वळल्यासारखा फिरायचा. बाहेरचा तरणा, त्याला सगळ्यात जास्त चालायला लागायचं, तो कधी पातीतनं बाहेर ओढ घ्यायचा, शिंगं हलवून फणसाच्या सावलीकडं बघायचा. आज्जा त्याच्या मागं असायचा, फोक हातात, खरं मारायचा नाही, नुसता हो हो करायचा. त्या बैलाच्या गळ्यातला दोर ताणला की आतल्या सगळ्या पातीला झोल बसायचा आणि मेढसुद्धा जरा हलायची, शेणाच्या सारवणात तिच्या बुडाशी बारीक गोल भेग पडलेली मला आठवते. २००६ मधे कॅनडात व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ या लॅबमधे लेसर वापरून लिथियम-११ च्या वीजभाराची त्रिज्या मोजली. न्यूट्रॉनला वीजभार नाही, म्हणजे हे माप नुसत्या आतल्या गाभ्याचं, आणि तरी ते लिथियम-९ पेक्षा थोडं मोठं आलं, साधारण २.२ चं २.५ झालं, कारण बाहेरच्या दोघांच्या ओढीनं गाभा स्वतः मधल्या बिंदूभोवती डुलतो. तो पेपर वाचताना मला मेढीच्या बुडाची भेग दिसली होती. अजून दिसते.

किती सैल म्हणजे किती, हे आकड्यात सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. साध्या केंद्रकातनं एक न्यूट्रॉन उपटायला साधारण ८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. लिथियम-११ चे दोन्ही न्यूट्रॉन मिळून ०.३७ मधे सुटतात. आणि त्यातही एक विचित्र गोष्ट आहे. दोन न्यूट्रॉन एकटे एकमेकांना धरून राहू शकत नाहीत. लिथियम-९ आणि एक न्यूट्रॉन, म्हणजे लिथियम-१०, तेही टिकत नाही. तिघं एकत्र आले तरच टिकतं, एक काढला की बाकीचे दोघंही सुटले. याला बोरोमियन म्हणतात, इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या चिन्हावरच्या तीन कड्यांवरून, एक कडं तोडलं की तिन्ही मोकळी होतात. मी वर्गात तिवईचं सांगते. भात वाऱ्याला द्यायला आज्जी तिवईवर उभी राहायची, तीन पायांची उंच, दोन पायांवर ती क्षणभर उभी राहणार नाही. वर आज्जी, डोक्यावर पदर घट्ट, खाली आई बुट्टी भरून द्यायची आणि आज्जी वाऱ्याचा अंदाज घेऊन सुपातनं सोडायची. भरलेलं भात सरळ पायाशी पडायचं, पोल जरा पुढं, आणि कुसळं पार कुंपणापर्यंत. ज्याचं वजन जसं तसं ते ज्याच्या त्याच्या जागी. आज मोठ्या लॅबमधे, जपानात रिकेनला, जर्मनीत डार्मश्टाटला, टकरीतनं निघालेल्या शेकडो जातीच्या केंद्रकांतनं हवं तेवढं वेगळं काढायला मोठाले चुंबक लावतात, वजन आणि वीजभाराप्रमाणं प्रत्येकाची वाट वेगळी वळते. काम वारं देण्याचंच आहे. आज्जीच्या अंगावर संध्याकाळी कुसळाची खाज असायची, कढत पाण्यानं अंघोळ करून ती चुलीपुढं बसली की तिच्या केसात दोन चार बारीक कुसळं चमकायची.

मी स्वतः लिथियम-११ वर कधी काम केलं नाही. त्याच्या लांबच्या भावावर केलंय. रिसर्चच्या दिवसांत मुंबईला कुलाब्यात टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या पेलेट्रॉनवर, म्हणजे कण पळवणाऱ्या मशीनवर, आमच्या ग्रुपला बीमटाइम मिळायचा, उंच टाकी, आत १४ मिलियन व्होल्टपर्यंत जाणारं टर्मिनल, त्यातनं लिथियम-६ चा बीम. लिथियम-६ पक्कं आहे, संपत नाही, खरं तेही जरा सैलच बांधलेलं. १.४७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट मिळाले की अल्फा (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) आणि ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) असे त्याचे दोन तुकडे होतात. ते जड टार्गेटवर सोडलं की त्यातलं बरंचसं टार्गेटमधे मिसळायच्या आधीच फुटतं, म्हणून पूर्ण मिसळण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा साधारण तीस टक्क्यांनी कमी भरतं. रात्रपाळीत पहाटे तीन वाजता स्क्रीनकडं बघत बसायचं, चहा थंड होऊन जायचा, आणि एका सिलिकॉन पट्टीवर अल्फा आणि शेजारच्या पट्टीवर त्याच क्षणी ड्यूटेरॉन, असा एक ठिपका पडायचा. मग मिनिटभर काही नाही. मग अजून एक. फुटलेल्या दोघांना एकत्र पकडलं की त्यांच्या वेगांवरून आणि मधल्या कोनावरून ते कुठल्या अवस्थेतनं फुटले ते मागं जाऊन काढता येतं. मला त्या ठिपक्यांची माया वाटायची. एका क्षणापूर्वी हे दोघं एक होते आणि आता त्याची साक्ष द्यायला दोन वेगळ्या दारांनी आत आलेत, असं काहीतरी मनात यायचं. पहाटे बाहेर आलं की समुद्राचा खारट वास, आणि मला उगीच गावातल्या धुक्याची आठवण यायची.

सीमाभागातली आहे म्हटल्यावर काही मित्र मला हमखास सांगतात की अगं तुमचंही तसंच की, सैल बांधलेलं, धड इकडं ना तिकडं, लिही त्याच्यावर. मला ते पटत नाही. इथं जी माणसं दोन भाषांत भांडतात, उधार देतात, मयताला खांदा देतात, ती सैल बांधलेली नाहीत. नकाशावरचं भांडण मला कळतं, आमच्या घरातही त्याच्यावरून आवाज चढलेत. खरं सैल काय असतं ते मी दुसरीकडं बघितलंय.

आज्जी नव्वदीला टेकलीय. तीन चार वर्षांपासून तिचं सुटत चाललंय. आधी कालचं, मग नावं, मग कोण जिवंत आणि कोण गेलं ते. आणि आमच्याकडं येणारा प्रत्येकजण, मायेनंच, दारातनं आत आला की तिच्यासमोर वाकून विचारतो, आज्जी, मी कोण सांग बघू? ती बघत राहते. पदर पुढं ओढते. डोळ्यात काहीतरी धडपडतं. मग येणारा हसून म्हणतो, ओळखलं नाही बघा, आणि आत चहाला जातो. मी हे कितीदा बघितलं आणि दरवेळी चीड आली, आणि तरी गेल्या गणपतीत मी स्वतः तेच केलं. तिच्या खाटेवर बसून, हात हातात घेऊन, मी कोण गं आज्जी. तिनं मला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली, जी माझ्या जन्माच्या आधी गेली. मी म्हटलं नाही गं, नीट बघ. ती बावरली. हात सोडवून घेतला. मला मापच घ्यायचं होतं, दुसरं काय. किती उरलंय ते.

हे गणपतीपासून मनात होतं आणि गुरुवारी त्या पोरानं विचारलं तेव्हा बहुतेक तेच दुखलं.

शुक्रवारी रात्री पोचले तेव्हा ती जागी होती. या खेपेला मी काही विचारलं नाही. नुसती जाऊन बसले. ती म्हणाली, "कवा आलीस गं? बस की. जेवलीस काय?" वहिनी आतनं म्हणाली, सगळ्यांनाच म्हणते, परवा गॅसवाल्यालापण जेवलास काय म्हटलं. आणि मला एकदम १९८८ चा तो पेपर आठवला. बेव्हालॅकवरच, तानिहातांच्याच लोकांचा. यावेळी त्यांनी लिथियम-११ फुटल्यावर उरलेला लिथियम-९ कुठल्या वेगानं, किती तिरका जातो ते बघितलं. घट्ट केंद्रकातनं तुकडा निघतो तेव्हा तो सैरावैरा जातो, कारण आत सगळे कण जोरात पळत असतात, तो जोर घेऊनच तुकडा सुटतो. लिथियम-११ मधनं निघालेल्या तुकड्यांत मात्र मोठा भाग जवळजवळ सरळच गेला होता, नेहमीच्या मानानं चौपट अरुंद पट्ट्यात. जणू काही झालंच नाही. बाहेरचे दोघं लांब होते, पसरलेले होते, म्हणून त्यांचा जोर कमी होता, ते सुटले तेव्हा धक्का बसलाच नाही. जागेचा पसारा जेवढा मोठा तेवढा वेगाचा पसारा लहान, हायझेनबर्गचा नियम. ते केंद्रक फुटायच्या आधी किती सैल होतं हे फुटण्यातच लिहिलेलं होतं. आज्जीचंही नाव गाव सुटलंय, खरं जी आज्जी उरलीय ती त्याच दिशेनं, त्याच चालीनं चाललीय. आलेल्याला बस म्हणायचं. जेवलास काय विचारायचं. मी गणपतीत तिला जोरात आपटून बघितलं आणि उत्तर चुकलं असं धरून बसले.

शनिवारी दादानं हळवं भात कापून आणलेलं, भारे जुन्या खळ्यावर रचलेले. आता बैल नाहीत, सोमवारी मशीन येणार होतं. खळ्याला अर्धं सिमेंट केलंय, मेढीचं भोक तेवढं राहिलंय, पोरं त्यात गोट्या टाकतात. रात्री अंगणात चटया टाकल्या, दूध आटवलं, वेलदोड्याचा वास, शेजारचे आले, आज्जीला खुर्चीत शाल गुंडाळून बसवलं. चंद्र वर आला तेव्हा स्वच्छ होता. साडेदहा अकराच्या सुमाराला आकाशावर साय धरल्यासारखं झालं आणि हळूहळू त्याच्याभोवती कडं उमटलं, मोठं, फिकट, पूर्ण. सगळे मोबाईल काढून फोटो घ्यायला लागले. मी भाचीला सांगत होते की केंद्रकाचं खळं नेमकं असं नसतं, इथं चंद्र आणि कड्याच्या मधे काळोख आहे, तिथं मधे रिकामं नसतं, गाभ्यापासून बाहेर विरळ विरळ होत जातं, कुठं संपतं ते बोट ठेवून दाखवता येत नाही, शिशाचं २०८ कणांचं केंद्रक असतं ना तेवढ्यापर्यंत या अकरा कणांवाल्याचा पसारा जातो. भाची हूं हूं करत होती.

आज्जी बोलली तेव्हा तिचा आवाज मला आधी ओळखूच आला नाही. चढा, कामाचा.

"खळं पडलंय चांदाला. भारे झाका जावा. उगं काय बसलासा?"

दादा वर बघत राहिला. मग उठला, ताडपत्री माळ्यावर होती, मी आणि वहिनी टॉर्च घेऊन मागनं गेलो. ताडपत्रीला उंदरानं दोन भोकं पाडलेली. ओल्या दवात भाऱ्यांवर चढून आम्ही ती ओढली, कडांवर दगड ठेवले, हाताला भाताची कुसळं टोचली, कितीतरी वर्षांनी. परत आलो तेव्हा आज्जी खुर्चीतच झोपली होती, ओठांवर दुधाची साय.

त्या रात्री झोप लागली नाही तेव्हा मला मेंढरं आठवली. भात निघालं की आज्जा धनगराला सांगून शेतात मेंढरं बसवायचा, खतासाठी. बांधाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्यात एक खिंड, त्यातनं तो धनगर मेंढरं मोजून आत सोडायचा. सकाळी आम्ही पोरं काट्याला लागलेली लोकर गोळा करायला जायचो. काही मेंढरं नुकती कातरलेली असायची, ती नुसती निघून जायची, काट्याला काही नाही. ज्यांची लोकर वाढलेली, फुललेली, त्यांचे झुबके काट्याकाट्याला. मेंढराला पत्ता नसायचा, ते तसंच सरळ पुढं. झुबका हातात घेतला की वजन लागायचं नाही, नुसती ऊब. लोकर किती लांबपर्यंत फुलली होती आणि किती हलक्यानं धरलेली होती, ते त्या काट्यावरच कळायचं, मेंढरू न बघता.

सोमवारी मी तासाची पहिली दहा मिनिटं त्या पोरासाठी काढली. कन्नडमधे सांगितलं, काट्याचं, लोकरीचं. मग फळ्यावर दोन डोंगर काढले, एक रुंद एक अरुंद, घट्ट केंद्रकाचे तुकडे आणि सैल केंद्रकाचे तुकडे. मग शिशाचं सांगितलं, की हलकं टार्गेट न घेता ८२ प्रोटॉनवालं शिसं घेतलं तर लिथियम-११ ला शिवायलाही लागत नाही, लांबनं जाताजाताच शिशाचा वीजभार गाभ्याला ढकलतो, न्यूट्रॉनना काही करत नाही, आणि तेवढ्यानंही ते सुटतात. २००६ ला रिकेनमधे असंच हलकेच सोडवून बघितलं तेव्हा दिसलं की ते दोन न्यूट्रॉन गाभ्याच्या दोन बाजूंना नसतात, बरेचदा एकाच बाजूला, जवळ जवळ असतात. पोरगा बराच वेळ फळ्याकडं बघत होता. मग त्यानं विचारलं, सुटल्यावर ते दोघं कुठं जातात. मी म्हटलं सरळ जातात, त्यांना वीजभार नाही, चुंबक वळवू शकत नाही, लांब ठेवलेल्या डिटेक्टरच्या भिंतीत पकडले तर पकडले. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. अरुंद डोंगराखाली बाण काढला आणि कन्नडमधे लिहिलं, लोकर.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. खिडक्या लावायला पोरं उठली. तास संपल्यावर फोन बघितला, दादाचा मेसेज होता. रात्रीपासनं पडतोय, मशीन आलं नाही, खरं भारे वाचले सगळे. खाली अजून एक ओळ. आज्जीला सांगितलं तुझ्यामुळं वाचले म्हणून, तर म्हणते, कसले भारे रे, तू जेवलास काय?